रिमसकट टायर, तारखेची बाजू आत

जुनी फियाट, अँबेसेडर, हेराल्ड, मॉरिस असं काही दारात उभं असेल त्यांनी हे जरूर वाचावं. सांगली-सातारा पट्ट्यात अशा गाड्यांचे टायर ‘कोरे, न वापरलेले’ म्हणून विकणारा एक जण आहे. त्यानं आम्हाला बावीस हजारांना गंडवलं. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो. पद्धत कळली की माणूस आपोआप ओळखू येईल.

आमची गाडी आप्पांची, १९६८ ची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. ती कंपनी वालचंद हिराचंदांनी काढली; सांगलीत वालचंद म्हटलं की विश्रामबागचं कॉलेजच डोळ्यांपुढं येतं, आणि आमच्या फियाटचा त्याच नावाशी संबंध आहे हे गल्लीत अजून निम्म्यांना खरं वाटत नाही. असो. हिला ५.२०-१४ मापाचा नायलॉन टायर, म्हणजे जुन्या पद्धतीचा, लागतो; रुंदी ५.२० इंच आणि रिम १४ इंची. पद्मिनीलाही हेच माप. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच उरलं नाही तर दुकानदार माल ठेवेल कशाला? सांगली-मिरजेतल्या दुकानांत विचारलं की एकच उत्तर: ‘आता येत नाही.’ असं सगळीकडून नकार ऐकून आलेलं गिऱ्हाईक या माणसाला बरोबर सापडतं.

कराडच्या अलीकडं हायवेलगत त्याचं पत्र्याचं शेड. बोलायला साखर. ‘बंद पडलेल्या एजन्सीच्या गोडाऊनमधला माल आहे साहेब. पुण्याची पार्टी मागं लागलीय, पण गाडी वडिलांची म्हणताय म्हणून तुम्हाला देतो.’ पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, तेही त्याला तोंडपाठ. ‘तुमची तर व्हिंटेजमध्ये बसते,’ असं म्हणायचं आणि भाव चढवायचा.

चार टायर, ट्यूब, रिमा, सगळं बसवून, हवा भरून तयार होतं. टायर काळेभोर, नक्षी खोल. फियाटच्या रिमेला आता भंगारवालासुद्धा भाव खातो, त्यामुळं रिमसकट बावीस हजार कुणालाही स्वस्तच वाटावं. मेख तिथंच आहे. रिमवर चढवलेल्या टायरच्या पोटात काय दडलंय ते बाहेरून दिसत नाही.

गावात फिरताना काही जाणवलं नाही. सांगलीच्या रस्त्यांवर फियाट चाळीसच्या वर जातेच कुठं! पेठ नाक्यावरून हायवेला लागलो, काटा साठच्या पुढं गेला, तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं. कासेगावच्या अलीकडं मागून धप् धप् आवाज सुरू झाला. आप्पा म्हणाले, “बाजूला घे आधी, टायर बोलतोय.” उतरून वाकून बघितलं तर मागच्या डाव्या टायरला आतल्या अंगानं पुरीएवढा फुगा आलेला. तो भर वेगात फुटला असता तर काय झालं असतं, ते हायवेवर गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

स्टेपनीवर हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत आलो. दुकानदारानं टायर खोलला, आत हात घातला आणि आमच्याकडं बघत राहिला. “मालक, कुणी दिलं ह्ये तुमास्नी?” आतून वीतभर चीर होती आणि तिच्यावर गेटर, म्हणजे दुसऱ्या जुन्या टायरचा कापलेला तुकडा, चिकटवलेला. ट्यूब मोठ्या मापाची, आत घडी घालून कोंबलेली. आणि कडेच्या बेचक्यात वाळलेल्या गाळाचा थर. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती. पुराचा गाळ ओळखायला सांगलीकराला तज्ज्ञ लागत नाही.

मग बाकीचे तीनही खोलायला लावले. दुकानदारानं फडक्यावर पेट्रोल घेऊन टायरच्या कडेवरून फिरवलं, फडकं काळंकुट्ट झालं आणि खालून करडं, भेगाळलेलं रबर निघालं. वरचा काळेपणा सगळा रंगाचा.

नक्षीची गोष्ट त्याहून वाईट. टायरच्या खाचेत थोड्या थोड्या अंतरावर रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. टायर झिजून खाच १.६ मिलिमीटर उरली की ते नक्षीच्या पातळीला येतात आणि टायर संपल्याचं कळतं. आमच्या टायरमध्ये ते उंचवटेच नव्हते. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नव्यानं खाचा कोरल्या होत्या, आणि पातं उंचवट्यांसकट सगळं कापत गेलं होतं. दोन ठिकाणी तर खाचेच्या तळाशी नायलॉनचे पांढरे धागे दिसत होते. ट्रकच्या काही टायरवर ‘रीग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं. त्यांच्या तळाशी कोरण्यासाठी जादा रबर मुद्दाम ठेवलेलं असतं. कारच्या टायरला ते नसतं, त्यामुळं कोरलं की पातं थेट धाग्यांनाच भिडतं.

आता तारखेचं. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालातला २३ वा आठवडा. २००० च्या आधी हे आकडे तीनच असायचे, शेवटचा एक आकडा सालाचा. बऱ्याच टायरवर तारीख एकाच बाजूला असते, आणि आमच्या चारही टायरची ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला येईल अशीच बसवलेली होती. उलटून बघितलं तर तिथं ग्राइंडर मारलेला. एका टायरवर मात्र हात अर्धवट फिरला होता आणि बोटाला तीन आकडे लागत होते, शेवटचा ७. म्हणजे १९९७, नाहीतर १९८७! या वयाचा टायर खरोखर गोडाऊनमध्ये कोरा पडून असता, तरी हायवेला लावायच्या लायकीचा नसता. रबर नुसतं ठेवूनही कडक होतं, तडकतं.

त्याला फोन केला तर साखर विरघळलेली. “जुन्या मालाला गॅरंटी कसली? हवा जास्त भरली असणार तुम्ही.” पैसे त्यानं क्यूआर कोडवर घेतले होते, खातं भलत्याच नावाचं, आणि बिल मागितल्यावर ‘पाठवतो’ म्हणाला ते आजतागायत पाठवतोच आहे. पोलिस ठाण्यात अर्ज दिलाय. पहिला प्रश्न बिलाचाच आला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि विकणारा धंदा म्हणून विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. आमच्याकडं पैसे दिल्याची नोंद आणि सौद्याआधीचे त्याचे मेसेज आहेत, त्यांत ‘कोरा माल’ हे त्याच्याच शब्दांत लिहिलेलं आहे. तेवढ्यावर लढतोय.

कुणी रिमसकट टायर दाखवला तर पैशाचं बोलायच्या आधी ‘उतरवून दाखव’ म्हणा. पंक्चरवाला ते काम किरकोळ पैशात करतो. खरा माल असणारा माणूस यात खळखळ करणार नाही. आणि काळ्या टायरवरून पेट्रोलचं फडकं फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही शेवटी नायलॉनचा हट्ट सोडला. स्विफ्ट-डिझायरला येतो तो १६५/८० आर १४ रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांचा नेहमीचा टायर, घेतला. १६५ मिलिमीटर रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर उंची, आणि ५.२० इंचही १३२ मिलिमीटरच भरतात. जुना नायलॉन टायर जवळजवळ रुंदीइतकाच उंच असायचा, त्यामुळं चाकाची उंची फारशी बदलत नाही. चारही एकदम बदलले, कारण एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन लावला तर वळणावर गाडी भलतीकडं ओढते. आत ट्यूब घातली. जुन्या रिमा ट्यूबलेससाठी बनलेल्याच नव्हत्या. पार्किंग करताना स्टिअरिंग जड लागतं आणि आप्पांना ते रुंद टायर अजून बघवत नाहीत, पण दुकानाचं पक्कं बिल आहे आणि चारही टायरवर चार-चार आकडे स्वच्छ वाचता येतात.

त्या माणसानं मोबाइल नंबर बदललाय. मागच्या आठवड्यात मिरजेच्या एका ओळखीच्या मेकॅनिकनं त्याची नवी जाहिरात दाखवली: अँबेसेडरचे ५.९०-१५, चार नग, ट्यूब आणि रिमसकट, ‘एजन्सीचा कोरा माल’. अँबेसेडरवाल्यांनी जपून.