केमोथेरपीआधीचे चार आठवडे आणि नंतरची तीन वर्षे : भ्रूण गोठवून ठेवण्याच्या सेवेचा अनुभव

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, माझ्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ आलेल्या अहवालावरून केमोथेरपी घ्यावी लागणार हे निश्चित झाले. पुढे मूल हवे आहे का, हा प्रश्न आमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांनी, आम्ही विषय काढण्याआधीच विचारला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. केमोमधील सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे अंडाशयातील स्त्रीबीजांचा साठा घटवतात आणि उपचारानंतर त्यातला किती उरेल हे आधी सांगता येत नाही, असे त्यांनी समजावले. जखम भरून पहिला केमो सुरू होईपर्यंत आमच्या हातात चार आठवडे होते. त्या चार आठवड्यांत आम्ही पुण्यातील एका वंध्यत्व उपचार केंद्रात आमचे भ्रूण गोठवून ठेवले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव लिहीत नाही. मात्र अशा प्रसंगातून जाणाऱ्या दुसऱ्या जोडप्याला काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, म्हणून अनुभव तपशिलाने लिहिते आहे.

वेगाच्या बाबतीत या केंद्राला पूर्ण गुण द्यायला हवेत. फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ मिळाली आणि त्याच भेटीत सोनोग्राफी व रक्ततपासण्या उरकल्या. पूर्वी इंजेक्शने सुरू करण्यासाठी पाळीची वाट पाहावी लागत असे. आता कर्करोगाच्या रुग्णांमध्ये चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते, आणि माझी सुरुवात सोळाव्या दिवशी झाली. माझी गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्यामुळे इंजेक्शनांच्या जोडीला लेट्रोझोलच्या गोळ्या होत्या, जेणेकरून रक्तातील इस्ट्रोजेन फार वाढू नये. वंध्यत्वतज्ज्ञ डॉक्टर माझ्यादेखत ऑन्कॉलॉजिस्टशी फोनवर बोलल्या आणि तारखा दोघांनी मिळून ठरवल्या. हे दिसायला छोटे वाटेल, पण कर्करोगाच्या रुग्णासाठी केंद्र निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहीन, कारण दोन दवाखान्यांच्या मध्ये निरोप्यासारखे धावण्याची ताकद त्या दिवसांत अंगात नसते.

अकरा दिवस रोज संध्याकाळी सात वाजता पोटात इंजेक्शन घ्यायचे होते. पहिले दोन दिवस माझा हात थरथरला, तेव्हा सासूबाईंनी शेजारी बसून घड्याळाकडे पाहत दहा आकडे मोजले, आणि मग शेवटपर्यंत तोच नेम झाला. शेवटच्या, स्त्रीबीजे पक्व करणाऱ्या इंजेक्शनची वेळ रात्री साडेदहाची होती. ती मिनिटावर पाळावी लागते, कारण त्यानंतर साधारण ३५ तासांनी स्त्रीबीजे काढतात. उशीर झाल्यास ती आपोआप बाहेर पडण्याचा धोका असतो. केंद्रातील परिचारिकेने त्या रात्री स्वतः फोन करून इंजेक्शन घेतल्याची खात्री करून घेतली. योनिमार्गातून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालून स्त्रीबीजे काढण्याची प्रक्रिया भुलेखाली वीसेक मिनिटांत झाली, आणि दुपारी मी घरी होते.

आता आकड्यांविषयी, कारण खरी गफलत इथेच होते. माझी १३ स्त्रीबीजे निघाली, त्यातली ११ पक्व होती, पतीच्या शुक्राणूंशी फलन झालेली ८ निघाली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे गर्भाशयात ठेवण्याजोग्या, अवस्थेपर्यंत पोचलेले भ्रूण उरले ४. प्रत्येक टप्प्यावर गळती होणे हा या प्रक्रियेचा स्वभावच आहे, आणि पुढे वितळवताना व गर्भाशयात रुजतानाही ती होऊ शकते. डॉक्टरांनी हे कागदावर आकृती काढून सांगितले होते. खाली पॅकेजचे पैसे भरताना समुपदेशक म्हणवणाऱ्या व्यक्तीने मात्र ‘ताई, आता तुमचं बाळ पक्कं झालं’ असे हसून सांगितले. त्यांचा हेतू धीर देण्याचा असेल. तरी भीतीने गांगरलेल्या माणसाला दिलेले हे आश्वासन चुकीचे आहे. भ्रूण गोठवल्याने शक्यता जपली जाते, अपत्याची हमी मिळत नाही, आणि जिथे पैसे घेतले जातात त्याच टेबलावर हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

प्रयोगशाळेविषयी मात्र मनापासून चांगले लिहावेसे वाटते. भ्रूणतज्ज्ञ मॅडमनी आम्हाला काचेपलीकडून सगळी व्यवस्था दाखवली. हल्ली भ्रूण विट्रिफिकेशन पद्धतीने गोठवतात : त्यातील पाणी संरक्षक द्रवांच्या मदतीने बाहेर काढून तो क्षणार्धात द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात, म्हणजे पेशींना इजा करणारे बर्फाचे स्फटिक तयार होण्याआधीच आतला द्रव काचेसारखा गोठतो. नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. आमचा प्रत्येक भ्रूण काडीइतक्या बारीक पट्टीच्या टोकावर होता. त्या पट्टीवर दोघांची नावे, नोंदणी क्रमांक आणि तारीख होती, आणि नावे वाचताना शेजारी दुसरी तंत्रज्ञ साक्षीला उभी राहून तीच नावे मोठ्याने म्हणत होती. माझ्या आडनावातील एक अक्षर चुकलेले पाहून त्यांनी काम थांबवले, नवे लेबल छापले आणि जुने माझ्यादेखत फाडले. त्या एका मिनिटाने मला पुढची तीन वर्षे स्वस्थ झोप दिली आहे.

वीज गेल्यावर काय होते, हा प्रश्न माझ्या पतींनी विचारला. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही तो सुचेल. उत्तर असे की भ्रूण ठेवलेल्या नायट्रोजनच्या या कोठ्या विजेवर चालत नाहीत. त्या दुहेरी भिंतीच्या, थर्मासच्या तत्त्वावर बनलेल्या असतात, आणि धोका असतो तो नायट्रोजनची पातळी खाली जाण्याचा. २०१८च्या मार्च महिन्यात अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन केंद्रांमध्ये कोठ्या बिघडल्या आणि हजारो स्त्रीबीजे व भ्रूणांचे नुकसान झाले. म्हणून पातळी कोण, किती वेळा मोजते आणि रात्री धोक्याची घंटा कोणाच्या मोबाइलवर वाजते, हे विचारावेच. इथे भिंतीवर नोंदवही टांगलेली होती आणि तिच्यात रोजच्या दोन सह्या होत्या. रविवारच्या रकान्यातही होत्या, हे मी मुद्दाम पाहिले.

मला स्वतःला सर्वांत जड गेले ते संमतीपत्र. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण गोठवण्याआधी, दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाल्यास किंवा कोणी अक्षम झाल्यास भ्रूणांचे काय करायचे, याची लेखी सूचना सर्व संबंधितांकडून घ्यावी लागते. आठ दिवसांपूर्वी कर्करोगाचा अहवाल हाती पडलेल्या बाईला त्या रकान्यात खूण करायची असते. आम्ही दोघे त्या कागदासमोर बराच वेळ बसून होतो. पतींचे म्हणणे होते की हे नंतर भरू. मी म्हणाले की नंतर भरता येईल असे असते, तर त्यांनी आज विचारलेच नसते. संमतीपत्र एकूण १४ पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत होते. आम्हाला ते वाचता आले. आमच्यानंतर टेबलाशी बसलेल्या मंचरच्या जोडप्याला ते परिचारिका तोंडी, आणि घाईने, सांगत होती. या प्रतीचा मराठी अनुवाद उपलब्ध करावा, असे मी त्याच दिवशी अभिप्रायवहीत लिहिले.

कायद्यातील आणखी एक तरतूद आधी माहीत असावी. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दोघांच्या संमतीने संशोधनासाठी द्यावे लागतात. शिवाय भ्रूणावर हक्क दोघांचा असतो, तर गोठवलेले स्त्रीबीज फक्त त्या स्त्रीचे असते. डॉक्टरांनी हा फरक सांगून, हवे असल्यास काही स्त्रीबीजे तशीच ठेवण्याचा पर्याय दिला होता. वापरण्याजोगे नेमके किती आहेत हे लगेच कळावे, म्हणून आम्ही सर्वांचेच फलन करून घेतले. अविवाहित मुलींनी, किंवा नात्याविषयी मनात जराही शंका असलेल्या स्त्रीने, स्त्रीबीजेच गोठवावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

एकूण खर्च औषधांसह दोन लाख सत्तर हजार आला आणि साठवणुकीचे शुल्क दर वर्षी पंचवीस हजार आहे. विमा कंपनीने वंध्यत्वाच्या उपचारांच्या वगळणुकीवर बोट ठेवून एक रुपयाही दिला नाही. कर्करोगाच्या उपचारांमुळे येऊ घातलेल्या वंध्यत्वाला हाच नियम लावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

माझी मुख्य तक्रार त्यानंतरची आहे. २०२३च्या डिसेंबरमध्ये पहिले वार्षिक शुल्क भरायचे होते. त्याची आठवण करून देणारी ईमेल पतींच्या जुन्या कंपनीच्या, बंद झालेल्या पत्त्यावर गेली, आणि जानेवारीत माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर थेट असा मजकूर आला की सात दिवसांत शुल्क न भरल्यास ‘नमुने’ नष्ट करण्याचा अधिकार केंद्र राखून ठेवत आहे. डोक्यावर नुकतेच केस उगवू लागलेल्या अवस्थेत, भाजी चिरता चिरता मी तो वाचला. पैसे अर्ध्या तासात भरले. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन मी व्यवस्थापकांना विचारले की लेबलावरच्या एका अक्षरासाठी काम थांबवणाऱ्या तुमच्या प्रयोगशाळेचे आणि या निरोपाचे मालक एकच आहेत ना. त्यांनी क्षमा मागितली, दोघांचेही मोबाइल क्रमांक नोंदवून घेतले आणि नोटिशीची मुदत ९० दिवसांची असल्याचे पत्र दिले. तेव्हापासून आठवण दोन महिने आधी, फोनवर येते. तरीही हे पत्र पहिल्या दिवशीच करारात असायला हवे होते. दहा वर्षांच्या मुदतीत या सेवेचा गोठवण्याचा भाग एका सकाळचा आहे, उरलेला सगळा काळ सांभाळण्याचा आहे, आणि केंद्राची परीक्षा त्या काळात होते. पत्ता बदलल्यास, शुल्क थकल्यास, केंद्र बंद पडल्यास भ्रूण कुठे जातील, याची उत्तरे सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावीत.

भारतात या तंत्राची सुरुवात फार मोठ्या मानहानीतून झाली, हे मला या काळात वाचनातून कळले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली ‘दुर्गा’ ही गोठवलेल्या भ्रूणातून जन्मली होती, परंतु हे घडवून आणणाऱ्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या कामावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, आणि १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. त्यांना मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर. त्या काचेमागच्या कोठ्या आठवल्या की मला त्यांची आठवण येते.

माझ्या तपासण्या स्वच्छ आहेत. कर्करोग पुन्हा उद्भवू नये म्हणून चालू असलेली टॅमॉक्सिफेनची गोळी गर्भधारणेसाठी काही काळ थांबवायला ऑन्कॉलॉजिस्टनी डिसेंबरमध्ये परवानगी दिली, आणि औषध शरीरातून पूर्ण जाण्यासाठी तीन महिने थांबून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला भ्रूण वितळवायचे ठरले आहे. एका वेळी एकच ठेवायचा, हा डॉक्टरांचा सल्ला आम्ही मानला. त्यासाठी पुन्हा संमतीपत्र भरावे लागणार असून दोघांच्याही सह्या लागतील. ते परवा हाती आले. या वेळी ते मराठीत आहे.