नंदेसरीत क्लोरीन गळला तर: ट्रायाजचा सराव संगणकावर की मैदानात?

बडोद्यातल्या ईएमटींना, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणाऱ्यांना, जवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या दुर्घटनेसाठी तयार करायचंय आणि पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर आधी बघा, माणसं चुकतात कुठे. ट्रायाजमध्ये, म्हणजे कुणाला आधी उपचार हे ठरवून रंगीत टॅग लावताना चुकत असतील तर संगणक. हातांत, वायरलेसवर, गाड्या लावण्यात चुकत असतील तर मॉक ड्रिल.

ट्रायाजची स्टार्ट पद्धत सगळ्यांना पाठ असते: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. चालतो तो हिरवा. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा. सुरू झाला तर लाल, नाही तर काळा. श्वास मिनिटाला 30 च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा सांगितलेलं करत नाही, तरी लाल. उरला तो पिवळा. पण हे चाळिसाव्या रुग्णालाही मिनिटाच्या आत जमायला हवं, आणि ते घोटूनच येतं. लॅपटॉपवर एका दुपारी चाळीस रुग्णांचा प्रसंग तीनदा होतो. कुणापाशी किती सेकंद गेले, कुणाला उगाच लाल मिळाला, सगळं नोंदीत राहतं. ड्रिलला तेवढे स्वयंसेवक जमवण्यातच दमछाक. त्यात त्यांची नाडी ठणठणीत, म्हणून गळ्यात 'नाडी नाही' अशी चिठ्ठी. मग ईएमटी मनगट सोडून चिठ्ठीच वाचतो.

ही खोड संगणकही लावतो. पडद्यावर 'श्वास 34' आयता दिसत असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. छाती हलताना दिसावी आणि श्वास शिकणाऱ्यानेच मोजावेत.

नंदेसरीच्या दृष्टीने संगणकाचं पारडं जड होतं ते क्लोरीनमुळे. आज नुसता खोकत चालत आलेला हिरवा कामगार काही तासांनी फुप्फुसांत पाणी होऊन लाल होऊ शकतो. ड्रिल तोवर चहा-बिस्किटांवर संपलेली असते. संगणकात घड्याळ पुढे सरकवून त्याच रुग्णाचा दुसरा, तिसरा ट्रायाज करून घेता येतो. वाऱ्याची दिशाही मध्येच फिरवता येते. क्लोरीन हवेपेक्षा जड, सखल जागी साचणारा, तेव्हा वारा पाठीशी ठेवूनच जायचं.

मात्र टूर्निके (रक्तस्राव रोखायचा पट्टा) रक्त थांबेपर्यंत आवळणं पडद्यावर येत नाही. रुग्णाचे कपडे उतरवून, त्याला पाण्याने धुऊन मगच गाडीत घ्यायचं, हेही नाही. घाई केली तर कपड्यांतला वायू बंद गाडीत ईएमटीला आणि पायलटलाही (रुग्णवाहिकेच्या चालकालाही) बाधतो. सांगितलेलं करतो का हे बघायला ईएमटीने मास्कआडून म्हटलेलं 'हाथ दबाइए' ऐकूच गेलं नाही, तर शुद्धीतला माणूस लाल ठरतो.

व्हीआर हेडसेट तूर्त राहू द्या. एका वेळी एकच जण शिकतो, काहींना मळमळतं, आणि नाडी हाताला तिथेही लागत नाही.

आमचा कौल लॅपटॉपला, कारण ड्रिल बडोद्यात तशीही होते. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी ती घ्यावीच लागते. त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला गाठून आपली तुकडी तिथे घुसवा. अट एकच घाला: ड्रिलची वेळ ईएमटींना कळता कामा नये, आणि गळ्यातल्या चिठ्ठ्या पाकिटात बंद, नाडी धरल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.