ओसुमींचे दोन शोधनिबंध: 1992 की 1993?

जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं, तेही पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवते (ऑटोफॅजी) या कामासाठी. त्यामागे त्यांचे दोन शोधनिबंध. त्यातला जास्त महत्त्वाचा कोणता?

1992 चा 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'मधला निबंध हा डोळ्यांनी पाहायचा. पाचक एन्झाइमं नसलेलं यीस्ट घ्यायचं, त्याला नायट्रोजनवाचून उपाशी ठेवायचं. पचन अडलं की पेशीतल्या व्हॅक्युओलमध्ये (पचनाच्या पिशवीत) पचायला आलेल्या मालाचे बारीक गोळे साठतात आणि थरथरत फिरतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते दिसतात! विद्यार्थ्याला एकच निबंध द्यायचा, तर मी हाच देईन.

1993 चा त्सुकादा-ओसुमी निबंध 'फेब्स लेटर्स'मध्ये आला. नियतकालिकाचा दबदबा तुलनेने कमी, पानंही मोजकीच, आणि वाचायला तसा रूक्षच. पण त्यात ऑटोफॅजी बिघडलेल्या यीस्टच्या पेशी निवडून 15 जनुकांचा माग काढला होता. उपासमारीत या पेशी लवकर मरतात, हा निवडीचा एक धागा; दुसरा, त्यांच्या व्हॅक्युओलमध्ये ते गोळे साठत नाहीत. पुढे त्या जनुकांचे माणसातले भाऊबंद सापडले आणि कर्करोग, पार्किन्सन यांच्या अभ्यासकांनाही ऑटोफॅजीचा विषय हाताळता आला. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी या जनुकांना दिलेली नावं 2003 मध्ये 'एटीजी' (ऑटोफॅजीशी संबंधित जनुकं) या एकाच नावाखाली आली.

प्रभाव मोजायचा तर माझं मत 1993 ला. पहिल्याने घटना दाखवली, दुसऱ्याने इतरांच्या हाती हत्यारं दिली. अर्थात पहिल्यातलं ते दृश्य नसतं, तर बिघडलेली पेशी ओळखायची कशावरून?