लफेव्र आडनावाचा चौकटीतला इतिहास: देखणी वस्तू, बेभरवशाचा मजकूर

युरोपीय आडनावांचा इतिहास जुनाट दिसणाऱ्या कागदावर छापून, चौकटीत बसवून विकणारी दुकाने इंटरनेटवर बरीच आहेत. अशाच एका परदेशी दुकानाकडून आमच्या कार्यालयाने ‘लफेव्र’ या फ्रेंच आडनावाची तसबीर मागवली होती. उत्तर फ्रान्समधल्या लील येथील शाखेतून निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला ती भेट द्यायची होती आणि मला फ्रेंच येत असल्याने त्यावरील मजकूर नजरेखालून घालण्याचे काम माझ्याकडे आले. दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीचा माल विकणारी अनेक दुकाने आहेत आणि पुढील आक्षेप त्यांच्यापैकी कोणालाही लागू पडू शकतात.

प्रथम वस्तूविषयी. कागद जाड असून त्याच्या कडा चहाच्या पाण्यात भिजवल्यासारख्या तपकिरी केल्या आहेत. चौकट खऱ्या लाकडाची आहे, काच स्वच्छ बसवली आहे आणि कोपऱ्यातले सांधे घट्ट आहेत. लाखेची म्हणून दाखवलेली मोहर प्लास्टिकची आहे, पण हातभर अंतरावरून ते कळत नाही. चौकटीसह साडेसहा हजार रुपये आणि वाहतूक वेगळी, ही किंमत नुसत्या चौकटीसाठी जास्त वाटते, परंतु पार्सल व्यवस्थित बांधलेले होते आणि सांगितलेल्या मुदतीत आले. एवढ्यावर भागत असते तर परीक्षण लिहिण्याचे कारण नव्हते.

खरी अडचण मजकुरात आहे. तसबिरीवरील निवेदनानुसार लफेव्र हे ‘मूळचे नॉर्मंडीतील एक सरदार घराणे’ असून त्याचे मानचिन्ह ढाल आणि तीन गुलाब असे आहे, नेपोलियनचा सेनापती असलेला डान्झिगचा ड्यूक याच घराण्यात जन्मला आणि तेथूनच ‘घराण्याच्या शाखा जगभर पसरल्या’. खाली फ्रान्सचा एक नकाशा असून त्यात नॉर्मंडी गडद लाल आणि उरलेला देश फिकट गुलाबी रंगवला आहे. या नकाशावर ना सालाचा उल्लेख आहे, ना रंग कशाच्या मोजणीवरून भरले याचा.

लफेव्र या नावाचा अर्थ ‘लोहार’ असा आहे. लॅटिनमध्ये कारागिराला, विशेषतः धातूकाम करणाऱ्याला ‘फाबेर’ म्हणत. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेव्र’ हा शब्द आला आणि त्याला ‘ल’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) जोडून टोपणनाव तयार झाले. पुढे बोलीत लोहारासाठी ‘फोर्जरों’ हा शब्द रूढ झाला, ‘फेव्र’ मागे पडला आणि आता तो आडनावांत आणि सोनार या अर्थाच्या ‘ओरफेव्र’सारख्या जोडशब्दात तेवढा उरला आहे. पॅरिसमधला के देझ ओरफेव्र हा नदीकाठ तिथल्या सोनारांमुळेच त्या नावाने ओळखला जातो. मध्ययुगीन युरोपात नांगराचा फाळ, घोड्याची नाल आणि दाराची बिजागरी करणारा लोहार जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात होता. बाराव्या-तेराव्या शतकांत टोपणनावे वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा शेकडो गावांतल्या, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांना हे नाव स्वतंत्रपणे लागले. गावोगावी कुलकर्णी होते म्हणून सारे कुलकर्णी एकाच वाड्यातून निघाले असे आपल्याकडे कोणी मानत नाही. नेमके तेच येथे चर्मपत्राच्या थाटात मांडून विकले जात आहे.

हे आडनाव वाचायचे ते त्याच्या भूगोलावरून, आणि तसबिरीने सर्वांत मोठा घोळ येथेच घातला आहे. एकाच लॅटिन शब्दाची रूपे फ्रान्सच्या वेगवेगळ्या बोलींत वेगवेगळी झाली आणि ती आडनावांत गोठून राहिली. उत्तरेत, म्हणजे नोर, पा-द-काले, सोम आणि सेन-मारितीम या जिल्ह्यांच्या पट्ट्यात, उपपदासह ‘लफेव्र’ झाले. पूर्वेला फ्रांश-कोंते भागात उपपदाविना ‘फेव्र’ आढळते. त्याचे लेखन मात्र निरनिराळे आहे. इतिहासकार ल्युसियां फेव्र यांचा जन्म 1878 साली नान्सीत झाला असला, तरी त्यांच्या घराण्याची मुळे याच फ्रांश-कोंतेत होती. सावोआ आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये ‘फाव्र’ आहे. दक्षिणेत ऑक्सितां भाषेच्या प्रदेशात लांगदोककडे ‘फाब्र’, तर दोफिने, ओव्हेर्न आणि लिमुझां या बाजूला ‘फोर’. दक्षिणेच्या प्रथेप्रमाणे या नावांना उपपद नाही. मूळ शब्दातला ‘ब’ एका ठिकाणी टिकला, दुसऱ्या ठिकाणी ‘व’ झाला आणि तिसऱ्या ठिकाणी स्वरात विरघळला, आणि प्रत्येक बदलाची सीमा आजही आडनावांच्या नकाशावर जवळजवळ ओळखता येते. कीटकांचे निरीक्षण करणारे जाँ-आँरी फाब्र 1823 साली आव्हेरों जिल्ह्यात जन्मले आणि संगीतकार गाब्रिएल फोरे 1845 साली पायरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पामिये येथे. दोघांची आडनावे एकाच भात्याच्या आगीतून निघाली आहेत, तरी कोणीही त्यांना लफेव्र म्हणणार नाही. ब्रिटनीत लोहाराला तिथल्या भाषेत ‘गोव्ह’ म्हणतात, म्हणून तिथे ‘ल गॉफ’. अल्सासमध्ये जर्मन बोलीमुळे ‘श्मिट’. स्पेनच्या सीमेवरील कातालान भाषक रुसियोंमध्ये ‘फेरेर’. म्हणजे फ्रान्सचा नकाशा केवळ लोहारांच्या आडनावांनी भरून काढला, तरी देशातल्या बोली बऱ्याच अंशी दिसू लागतील. या सगळ्यातले एकही नाव तसबिरीवर नाही.

याच दुकानाच्या संकेतस्थळावर मागणीआधी मजकुराचा नमुना पाहता येतो. तिथे मी ‘फाब्र’ आणि ‘फोर’ ही दोन नावे घालून पाहिली. दोन्ही वेळा तेच सरदार घराणे, तीच वाक्यरचना आणि तेच ‘शाखा जगभर पसरल्या’ आले; बदलले ते फक्त प्रांताचे नाव आणि ढालीवरचे फूल.

लेखनाचा प्रश्नही मजकुरात चुकीच्या पद्धतीने सोडवला आहे. या आडनावाच्या सर्वांत प्रचलित लेखनात ‘व’च्या आधी ‘ब’ लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. हा ‘ब’ म्हणजे घराण्याच्या प्राचीनतेची खूण, असे तसबीर सांगते. वस्तुस्थिती अशी, की मध्ययुगाच्या अखेरीस लेखनिकांना शब्दांत लॅटिन मूळ दाखवण्याची हौस होती आणि ‘फाबेर’ची आठवण म्हणून त्यांनी हा ‘ब’ घुसवला. त्या काळात रोमन लिपीत ‘उ’ आणि ‘व’ यांसाठी एकच अक्षर चाले, त्यामुळे काही कुटुंबांच्या बाबतीत वाचणाऱ्यांनी ते अक्षर स्वर म्हणून वाचले आणि ‘लफेब्यूर’ असे वेगळेच आडनाव जन्मले. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे ऑर्गनवादक लफेब्यूर-वेली यांचे नाव या गोंधळातूनच आले आहे. ‘ब’ नसलेले लेखनही तितकेच अस्सल आहे. पा-द-काले जिल्ह्यातल्या एताप्लचे झाक लफेव्र यांनी 1523 साली नव्या कराराचे आणि 1530 साली अँटवर्पमध्ये संपूर्ण बायबलचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांच्या नावात तो ‘ब’ सहसा लिहीत नाहीत. लेखन पक्के होण्याची प्रक्रिया फार उशिराची आहे. 1539 च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले, 1792 मध्ये नोंदणी चर्चकडून नागरी प्रशासनाकडे आली, 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीतले नाव बदलून वापरण्यास मनाई केली आणि 1877 पासून कुटुंबाची नोंदपुस्तिका घरोघरी मिळू लागल्यावर ‘ब’ असणे-नसणे खऱ्या अर्थाने स्थिर झाले. तोवर एकाच बापाच्या दोन मुलांची नावे दोन तऱ्हेने लिहिलेली सापडणे हे अगदी नेहमीचे होते.

मानचिन्हाबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये मानचिन्ह एका विशिष्ट वंशाचे असते, आडनावाचे नसते, आणि ते सरदारांपुरते मर्यादितही नव्हते. चौदाव्या लुईने नोव्हेंबर 1696 च्या आज्ञेने सर्व मानचिन्हांची नोंदणी पैसे भरून करण्यास भाग पाडले, कारण युद्धाने खजिना रिकामा झाला होता. शार्ल दोझिए यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या महानोंदवहीत सुमारे 1 लाख 20 हजार मानचिन्हे आहेत. त्यांत व्यापारी, वकील, कारागीर आणि त्यांचे संघसुद्धा आहेत, आणि जे नोंदणीला आले नाहीत त्यांपैकी अनेकांना अधिकाऱ्यांनी स्वतःच काहीतरी चिन्ह ठरवून देऊन पैसे वसूल केले. तेव्हा एखाद्या लफेव्रच्या नावावर गुलाबांची ढाल नोंदलेली असेलही. तिचा लीलच्या आमच्या सहकाऱ्याशी संबंध आहे असे म्हणायला मात्र कागदपत्रांची साखळी लागते, आणि दुकानाने ती ना मागितली ना दिली.

डान्झिगच्या ड्यूकचे प्रकरण तर दुकानाच्याच दाव्याला छेद देते. मार्शल फ्रांस्वा-जोझेफ लफेव्र यांचा जन्म 1755 साली नॉर्मंडीत नव्हे, तर अल्सासमधल्या रुफाक येथे सामान्य घरात झाला. त्यांची पत्नी पूर्वी कपडे धुण्याचे काम करत असे. 1807 मध्ये त्यांनी डान्झिग, म्हणजे आजचे पोलंडमधले ग्दान्स्क, जिंकले म्हणून नेपोलियनने त्यांना ती पदवी दिली, म्हणजे ही सरदारकी पूर्णपणे एकोणिसाव्या शतकातली आहे. त्यांच्या मुलांपैकी कोणी मागे उरले नाही आणि 1820 साली त्यांच्या मृत्यूबरोबर ती संपली. ज्या घराण्याला वंशजच नाही त्याच्या शाखा जगभर कशा पसरतील, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडायला हवा होता.

आजच्या प्रसाराची माहिती खरे तर फुकट आणि चांगली मिळते. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने, म्हणजे इन्सेने, आडनावनिहाय जन्मांची जी आकडेवारी उपलब्ध केली आहे, तिच्यावर जेओपात्रोनिम हे संकेतस्थळ उभे आहे. तिथे 1891 ते 1990 हा काळ पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार भागांत पाहता येतो. लफेव्र हे देशातल्या पहिल्या वीस आडनावांत मोडते आणि त्याचा भर बेल्जियमच्या सीमेपासून सेन नदीच्या मुखापर्यंतच्या उत्तर पट्ट्यात दिसतो. नंतरच्या काळात पॅरिसच्या परिसराचा वाटा वाढत जातो. नॉर्मंडी त्या पट्ट्याचा एक भाग आहे, केंद्र नव्हे.

ही आकडेवारीही डोळे झाकून वापरू नये. एक म्हणजे ती ज्या राष्ट्रीय नोंदवहीवर आधारलेली आहे ती विसाव्या शतकाच्या मध्यात उभी राहिली, त्यामुळे त्याआधी वारलेले असंख्य लोक तिच्यात नाहीत, आणि पहिल्या महायुद्धात मारले गेलेले सुमारे 14 लाख सैनिक त्यांतच येतात. जुना काळ नकाशावर विरळ दिसतो त्याचे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे मोजणी राहण्याच्या गावाची नसून जन्माच्या गावाची आहे. घरची बाळंतपणे थांबून ती रुग्णालयांत होऊ लागली, तशी खेडी नकाशावरून पुसली गेली आणि प्रसूतिगृह असलेली शहरे फुगली. त्यावरून ‘लफेव्र लोकांनी गावे सोडली’ असा निष्कर्ष काढला तर तो निम्माच खरा ठरेल. तिसरी मर्यादा सीमेची: नकाशा फ्रान्सपाशी थांबतो, नाव थांबत नाही. बेल्जियमच्या फ्रेंचभाषक हेनो प्रांतात लफेव्र भरपूर आहेत आणि त्यापुढे डचभाषक भागात त्याच अर्थाचे ‘द स्मेट’ सुरू होते.

समुद्रापलीकडची कथा याहून रंजक आहे. सतराव्या शतकात न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे आजच्या क्वेबेकमध्ये, या नावाचे अनेक स्वतंत्र स्थलांतरित गेले आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्यापैकी काहींच्या नावापुढे ‘ऊर्फ’ जोडले गेले. काही वंशांनी पुढे मूळ नाव टाकून ऊर्फच वापरले. न्यूयॉर्कजवळच्या न्यू पाल्ट्झ वसाहतीसाठी 1677 साली जमिनीची सनद घेणाऱ्या प्रॉटेस्टंट निर्वासितांत सिमों आणि आंद्रे हे दोन लफेव्र बंधू होते. न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या काही क्वेबेकवासीयांचे आडनाव ‘फेव्ह’, म्हणजे घेवड्याची शेंग, असे ऐकले गेले आणि ते ‘बीन’ झाले. लोहाराचा घेवडा होण्याचा हा प्रवास तसबिरीवर छापला असता तर मी तिला आनंदाने एक तारा जास्त दिला असता.

मग घ्यायचे काय? नावाचा अर्थ आणि पर्याय पाहायला 1996 पासून चालणारे जेनेआनेट हे फ्रेंच संकेतस्थळ पुरेसे आहे. त्यावरील वंशवृक्ष सभासदांनी भरलेले असतात, म्हणून त्यांवर विसंबण्याआधी मूळ नोंद पाहावी. ती पाहणेही अवघड नाही, कारण नोरसह अनेक जिल्ह्यांच्या अभिलेखागारांनी जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे विनामूल्य ठेवली आहेत. सहकाऱ्याच्या पणजोबांच्या विवाहनोंदीचे पान, खाली सह्या आणि सही न येणाऱ्याबद्दलचा कारकुनाचा शेरा यांसह, चांगल्या कागदावर छापून घेतले तर खर्च चौकटीएवढाच येतो.

दर्जा द्यायचाच तर बांधणीला पाचपैकी चार, मजकुराला शून्य, नकाशाला तेही नाही. तक्रार केल्यावर दुकानाकडून सभ्य उत्तर आले, की मजकूर ‘सजावटीसाठी’ आहे. अटींच्या पानावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलेही आहे. ज्यांना चौकटच आवडली आहे त्यांनी मागणीच्या पानावरील शेवटचा पर्याय निवडावा: त्यात केवळ आडनाव सुंदर अक्षरांत छापून मिळते, ढाल, ड्यूक आणि नकाशा तिन्ही गळतात, आणि किंमत जवळजवळ निम्मी होते.