दोन टीबीची डिस्क आणि सव्वीस फोल्डर

गिरगावात माझं डीटीपीचं काम आहे, बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, गणपतीच्या स्मरणिका. सकाळी दहा ते रात्री नऊ कॉम्प्युटरसमोर. चाळीतल्या कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड विसरला की माझ्याकडेच येतात. त्यामुळे हे सगळं लिहिताना लाज वाटते. पण गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एकाने मला फसवलं तसलीच, खोटी क्षमता सांगणारी डिस्क हौसेने आणून दाखवली, तेव्हा ठरवलं की लिहायचंच.

सुरुवात विंडोज १० पासून झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला. माझी मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे आमची मशीन बादच. घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळवायची सोय होती, पण ते मला नंतर कळलं. तेव्हा डोक्यात एकच, की दिवाळीनंतर लग्नसराई, त्याआधी नवी मशीन घ्यायची, जुनी चिपळूणला भाचीला द्यायची, आणि मधल्या काळात डेटा कशावर तरी काढून ठेवायचा.

डेटा म्हणजे साधारण तीनशे जीबी. आकडा मोठा नाही, पण माझी सगळी पुंजी त्यात. पत्रिकांच्या कोपऱ्यातले गणपती मी एकेक हाताने ट्रेस केलेले. कलश, केळीचे खांब, मोरपिसांच्या चौकटी. बाजारात तयार डिझाइनच्या सीड्या मिळायच्या, पण गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं ते त्या गणपतींसाठी.

लॅमिंग्टन रोडला गेलो. ऑपेरा हाउसवरून चालत पंधरा मिनिटं. नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं. हे कारण नाही, पण तसं झालं खरं. दोन इमारती पुढे जिन्याखाली एक गाळा होता. चार्जर, केबली, माऊस, आणि काचेखाली काळ्या रंगाची, काडेपेटीपेक्षा जरा मोठी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क. वर चांदीच्या अक्षरांत ‘२ टीबी’. कंपनीचं नाव कुठेच नाही, नुसतं ‘पोर्टेबल एसएसडी’ आणि ‘यूएसबी ३.२’.

किंमत विचारली. बावीसशे.

मला भाव माहीत नव्हता असं अजिबात नाही. दोन टीबीची नाव असलेल्या कंपनीची एसएसडी दहा हजारांच्या खाली मिळत नाही, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय. मी तोंड उघडायच्या आत पोरगाच म्हणाला, “लॉट का माल है अंकल, इसलिए. लगा के देख लो ना.” आणि त्याने लावून दाखवली.

तो कसा फसवतो हे कळायचं तर हा भाग नीट वाचा. त्याने त्याच्या लॅपटॉपला डिस्क जोडली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. निळं वर्तुळ, मोकळी जागा १.९९ टीबी. “देखो, पूरा दो टीबी.” मग त्याच्याकडचा एक सिनेमा त्यावर टाकला, दीड जीबीचा. झर्रकन गेला. डिस्क काढली, पुन्हा लावली, सिनेमा चालवून दाखवला. मधूनच पुढे ढकलून दाखवला. चालला. मी पैसे दिले, यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं तर जीएसटी लागेल. मी म्हटलं, राहू दे.

त्याने दाखवलेलं सगळं खरं होतं, आणि त्यातून काहीही सिद्ध होत नव्हतं. कॉम्प्युटर डिस्कची जागा मोजत नाही. तो डिस्कला विचारतो, तुझ्यात किती मावतं? डिस्कच्या आतली कंट्रोलर चिप जे सांगेल ते तो निमूटपणे लिहून घेतो. ती चिप खोटं बोलायला शिकवून ठेवलेली असते. आत असते ३२ किंवा ६४ जीबी, सांगते दोन टीबी. माझ्या डिस्कने पहिली साठेक जीबी अगदी इमानदारीने साठवली. म्हणजे दुकानात टाकलेला एक सिनेमा काय, असे तीस सिनेमेही चालले असते.

त्यात तो १.९९ चा आकडा. तिथेच मला खटकायला हवं होतं. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे खऱ्या दोन टीबीच्या डिस्कवर विंडोज १.८१ दाखवतं, एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी. गिऱ्हाईक तक्रार करायचं, “काका, एक टीबी सांगितलं आणि कमी भरलं,” तेव्हा मीच हे समजावून सांगायचो. आणि स्वतःच्या वेळेला पुरेपूर भरलेली बघून खूश झालो.

घरी येऊन नव्या डिस्कवर आधी ए ते झेड असे सव्वीस फोल्डर बनवले. बावीस वर्षांचा पसारा एकदाचा गिऱ्हाइकांच्या आडनावांनी लावायचा, असं मनात होतं. मग काम करता करता एकेक अक्षर भरत गेलो. चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी ए आणि बी झाल्यावर आठ-दहा फाइली उघडून पाहिल्या. सगळ्या उघडल्या. मग निर्धास्त झालो, पुढे तपासलंच नाही. वेग फार कमी होता, सेकंदाला दहा एमबीच्या आसपास. यूएसबी ३.२ लिहिलेल्या डिस्कचा हा वेग म्हणजे फास्ट लोकलच्या डब्यात बैलगाडी. मी दोष दिला जुन्या मशीनला.

चौथ्या दिवशी झेडपर्यंत पोचलो. एकही एरर नाही. सगळे फोल्डर भरलेले, फाइलींची नावं जागच्या जागी, आकारही बरोबर.

आणि मग मी जो शहाणपणा केला, त्याने उरलीसुरली वाट लावली. जुनी मशीन भाचीकडे जाणार, तिच्यात लोकांच्या आधारकार्डांचे स्कॅन, पॅनकार्ड, लोकांचे पत्ते. नुसतं डिलीट केलं तर सॉफ्टवेअर लावून कुणीही परत काढू शकतं, हे मला ठाऊक. म्हणून डी ड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढली. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज सगळ्या डिस्कवर शून्य लिहून काढतं, मागे काही उरत नाही. दोनेक तास लागले. वर त्या दिवशी मी चहा पिताना बायकोला सांगत होतो, लोकांची कागदपत्रं आपल्याकडे असतात, जबाबदारी असते.

महिन्याभराने एक जुनं गिऱ्हाईक आलं. सावंत. “काका, दादाच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच केलेली. आता धाकट्याचं आहे. तोच गणपती पाहिजे, आईचा हट्ट आहे.” मी म्हटलं, दोन मिनिटं बसा. डिस्क लावली. एस फोल्डर. फाइल दिसली, नावासकट, वर्षासकट. डबल क्लिक केलं. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने सांगितलं, फाइल खराब आहे.

शेजारची उघडली. तीही खराब. टी फोल्डर, व्ही फोल्डर. स्मरणिकेच्या पीडीएफ, फोटो, सगळ्यांना तेच. एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. चौदा एमबीची फाइल, आत अक्षर नाही. स्क्रोल करत राहिलो, पांढरं, पांढरं, पांढरं. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि माझ्या हाताला घाम.

नावं का दिसत होती, हे नंतर समजलं. फोल्डर आणि त्यातली नावांची यादी डिस्कच्या सुरुवातीला बसते, आणि माझे सव्वीस फोल्डर तर मी सगळ्यात आधी बनवलेले. ते खऱ्या जागेत पडले. खरी जागा संपल्यावर आलेला माल चिपने घेतल्यासारखं केलं आणि टाकून दिला. कॉपी करताना विंडोज लिहिलेलं परत वाचून बघत नाही, डिस्कने ‘झालं’ म्हटलं की पुढची फाइल. काही डिस्क याहून वाईट, त्या फिरून सुरुवातीला येतात आणि जुन्यावर नवं लिहितात. त्यात तर आधी चांगलं असलेलंही जातं.

रात्री डिस्क उघडली. पाना लागलाच नाही, नखाने झाकण निघालं. आत नाण्याएवढा बोर्ड, त्याच्या खाचेत मोबाइलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड, आणि गोंदाने चिकटवलेली एक लोखंडी पट्टी. ती फक्त वजनासाठी. हातात घेतल्यावर जड लागावी म्हणून. त्या पट्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. कुणीतरी बसून माझ्या हाताचा विचार केला होता.

हा धंदा एकट्या लॅमिंग्टन रोडचा नाही. २०२२ मध्ये ३० टीबीची म्हणून ऑनलाइन विकलेली डिस्क उघडल्यावर आत दोन लहान मेमरी कार्डं डकवलेली निघाली, त्याचे फोटो जगभर फिरले होते. मीही पाहिले होते, हसलोही होतो.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. तो माणूस सरळ निघाला. पंधरा मिनिटं बघून म्हणाला, “डिस्कवर जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून? आणि जुन्या हार्ड डिस्कवर तुम्ही स्वतः शून्य फिरवलंय.” पैसे घेतले नाहीत. त्या जिन्याखालच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, मुलगा वेगळा, आधीचा कोण ते त्याला माहीत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला. पहिला प्रश्न दुकानाचं नाव काय, दुसरा बिल आहे का. यूपीआयच्या नोंदीत कुणाचं तरी पहिलं नाव आणि एक अक्षर. जीएसटीचे तीन-चारशे वाचवले होते ना मी.

डिस्क तपासायच्या युक्त्या मला आता पाठ झाल्यात, त्या सांगून टाकतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुनं, इन्स्टॉल करावं लागत नाही. ते रिकामी डिस्क काठोकाठ फाइलींनी भरतं आणि मग प्रत्येक परत वाचून ताडून बघतं. मोठ्या डिस्कला रात्रभर लागू शकतं, लागू दे. घाई असेल तर स्टीव्ह गिब्सनचं व्हॅलिड्राइव्ह, २०२३ चं. ते डिस्कवर ५७६ ठिकाणी थोडं लिहून, वाचून बघतं आणि काही मिनिटांत चौकटींचा नकाशा रंगवतं. माझ्या डिस्कच्या नकाशात हिरव्या चौकटी होत्या सोळा-सतरा. बाकी सगळा लालेलाल. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ-थ्री. यातलं जे कराल ते डिस्क रिकामी असतानाच करा, घेतल्या दिवशी, आत एकही फोटो टाकायच्या आधी. ऑनलाइन घेताना खालचे पाच तारे बघून भुलू नका. लोक डिस्क मिळाल्या दिवशी, पूर्ण दोन टीबी दाखवते म्हणून, खुशीत लिहितात. ती भरायला त्यांना दोन वर्षं लागतात. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सगळ्यात हे चालतं. आमच्या शेजारच्या सोसायटीत कॅमेऱ्याला २५६ जीबीचं कार्ड लावलं होतं. सायकल चोरीला गेली तेव्हा बघायला गेले तर चित्र मिळेना, कार्ड निघालं आठ जीबीचं.

माझं काय उरलं? एकोणसाठ जीबी. म्हणजे ६४ चं कार्ड होतं. ए, बी, सी पूर्ण, डीमधले अर्धे. आगाशे, बापट, चव्हाण वाचले, देसाई लटकले, देशपांडे गेले. ‘आई’ हे इंग्रजीत ए-ए-आय असं लिहिलेलं, म्हणून आईच्या वहीचे स्कॅन वाचले. तिची पुरणपोळी, तिचा गोडा मसाला, मापं वाटीत आणि ‘अंदाजाने’. लग्नाचे फोटो पी मध्ये होते.

काही काही परत मिळवतोय. जुन्या मेलमधून गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पीडीएफ, छापखान्याकडे राहिलेल्या फाइली. पण छपाईसाठी अक्षरांच्या रेषा करून पाठवलेल्या असतात, त्यातला मजकूर बदलता येत नाही, सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. नवी डिस्क घेतली, नेहमीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. रात्रभर टेस्ट लावून मगच वापरायला काढली. दुसरी प्रत बहिणीकडे मुलुंडला. आणि तपासतो ते झेडपासून उलट.

सावंत परवा दादाच्या लग्नाची छापील पत्रिका घेऊन आले. आईंनी देवघरातल्या पेटीत जपून ठेवली होती, हळदीच्या डागासकट. ती स्कॅन केली आणि तो गणपती पुन्हा पहिल्यापासून ट्रेस केला. सोंडेचं वळण जरा वेगळं आलं, बावीस वर्षांत हात बदलतो. सेव्ह केली, डिस्क बाहेर काढली, पुन्हा लावली, फाइल उघडली. मग सावंतांना म्हटलं, “या बघायला.”