दळण, दलन आणि दरण : संगणकाच्या आवाजात गाणी करण्याचे नऊ महिने

गेल्या दिवाळीनंतर मी घरच्या घरी गाणी तयार करू लागलो. आता आषाढ सरत आला आहे, म्हणजे या उद्योगाला नऊ महिने झाले. गाणारा आवाज संगणकाचा, पेटी-ढोलकी-टाळ संगणकातलेच, आणि शब्द व चाल तेवढी आपली, असे या कामाचे स्वरूप आहे. या काळात सात गाणी पूर्ण झाली आणि चार अर्ध्यावर सोडून दिली. मी गंगाखेडच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, पेटी बऱ्यापैकी वाजवतो आणि गळा मात्र अजिबात नाही. माझ्यासारख्या माणसाला हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. दोन ओळींचे वर्णन लिहिले की चालीसकट अख्खे गाणे तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वेगळी. माझ्या शिक्षकखोलीत या दोहोंची सतत गल्लत होते आणि ‘सर बटण दाबून गाणी काढतात’ अशी माझी ख्याती झाली आहे. मी वापरतो त्या प्रकारात प्रत्येक स्वर, त्याची लांबी आणि त्याखालचे अक्षर आपणच पडद्यावर मांडावे लागते. यंत्र फक्त ते गाऊन दाखवते. या प्रकाराची मोठी सुरुवात यामाहाच्या व्होकलॉइड या सॉफ्टवेअरपासून झाली. त्याचे पहिले आवाज २००४ साली बाजारात आले आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी आलेल्या हात्सुने मिकू या आवाजाने तर जपानमध्ये स्वतंत्र लोकप्रियता मिळवली. त्या आवाजामागेही फुजिता साकी ही हाडामांसाची अभिनेत्री आहे. मी निवडलेले सिंथेसायझर व्ही हे ड्रीमटॉनिक्सचे सॉफ्टवेअर त्याच कुळातले, पण पुढच्या पिढीचे. त्याच्या आवाजांना जपानी, इंग्रजी, चिनी, स्पॅनिश अशा भाषा येतात. मराठी त्यांत नाही, आणि माझ्या नऊ महिन्यांतला निम्म्याहून अधिक वेळ या एका वाक्यात गेला आहे.

पहिली ओळ मी ‘दळण’ या शब्दाची घेतली. जनाबाईंच्या गावात राहून जात्यावरच्या ओवीने सुरुवात करावी, यात थोडी भाविकता होती हे कबूल करतो. पण त्या तीन अक्षरांत परदेशी आवाजाची तिहेरी परीक्षा आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही. इंग्रजी ध्वनी वापरून गाऊन घेतले तर ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि आईच्या ओवीतले दळण चक्क ‘दलन’ होऊन बसले. जपानी ‘र’ हा जिभेचा एकच हलका फटका असतो आणि तो ‘ळ’च्या पुष्कळ जवळ जातो, म्हणून तो वापरून पाहिला. आईने हेडफोन कानाला लावला आणि म्हणाली, “हे काय दरण म्हणायलंय रं?” शेवटी तो जपानी ‘र’ अगदी आखूड करून दोन स्वरांच्या मधोमध बसवला, तेव्हा कुठे तिने मान हलवली. ‘ण’साठी ‘न’च्या आधी अमेरिकन इंग्रजीतला जीभ मागे वळवणारा ‘र’युक्त स्वर क्षणभर ठेवला. तो कानाला वेगळा ऐकू येत नाही, पण पुढच्या ‘न’ला वळण देतो. आणि ‘द’? इंग्रजी ‘द’ आपल्या ‘ड’कडे झुकतो. स्पॅनिश ‘द’ दातांवरचा असल्याने शब्दाच्या आरंभी चपखल बसतो, मात्र दोन स्वरांमध्ये आला की त्या भाषेच्या सवयीनुसार तो विरघळतो, हे तिसऱ्या गाण्यात कळले.

काही ठिकाणी अनपेक्षित मदत मिळाली. मराठीत ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे आहेत, वर्गात हा फरक समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते. जपानीत ‘त्सु’ या अक्षरातला ध्वनी म्हणजे जवळजवळ आपला ‘चारा’तला च, आणि ‘जातं’मधल्या ज-साठीही त्याच भाषेतला ‘झ’ शब्दारंभी कामाला येतो. हिंदीचा आवाज मिळाला असता तरी ही सोय झाली नसती. लिपीपेक्षा उच्चार किती निराळे चालतात, हे मला बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा या पडद्याने अधिक शिकवले. मराठी ‘अ’चे उदाहरण घ्या. जपानी ‘आ’ मोकळ्या तोंडाचा आहे, तो घातला की ‘घर’चे ‘घार’ होते. तिथे इंग्रजीतला आखूड, मधला स्वर घ्यावा लागतो, आणि ओवीत शेवटचा ‘अ’ लांबवतात तिथे तोच स्वर ताणला तर मरगळल्यासारखा वाटतो, म्हणून ओळ संपताना हळूहळू ‘आ’कडे न्यावा लागतो.

महाप्राण व्यंजनांत मात्र मी हरलो. ‘ख’ आणि ‘ठ’ जमतात, कारण शब्दाच्या आरंभी येणारे इंग्रजी ‘क’ आणि ‘ट’ श्वास सोडतच उच्चारले जातात. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांचा घुमारलेला श्वास या चारही भाषांत नाही. ‘ब’नंतर ‘ह’ जोडला तर मध्ये फट पडते आणि ‘ब्-हर’ असे काहीतरी ऐकू येते. त्या जागी श्वासाचे प्रमाण वाढवणारा पॅरामीटर वर ओढून, ताण कमी करून मी सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचलो असेन. उरलेल्या तीस टक्क्यांचा हिशेब शाळेत चुकता झाला. पावसाळ्याच्या स्वागताचे एक समूहगीत मी नववीच्या मुलांना शिकवायला दिले आणि सरावासाठी हाच आवाज मोबाइलवर पाठवला. आठवड्याने मुले ‘घन भरून आले, धरणी भिजली’ ही ओळ तालासुरात, एकदिलाने, ‘गन बरून आले, दरणी बिजली’ अशी म्हणू लागली. मी थांबवले तर एकीने शांतपणे सांगितले, “सर, गाण्यात तसंच हाय की.” तेव्हापासून मुलांना देण्याच्या फितीत मी केवळ चाल ठेवतो, ‘ला ला’ करून, शब्द वर्गात तोंडी.

स्वरांच्या बाबतीत यंत्र फार तयारीचे आहे, पण त्याचा कान पाश्चात्त्य. एखादा स्वर लांबला की शेवटी कंप आपोआप येतो. नाट्यगीताला तो एक वेळ चालेल, ओवीला चालत नाही. मी कंपाची खोली सरसकट शून्य करूनच काम सुरू करतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, हवी असेल तर स्वररेषा हाताने काढावी लागते आणि मुरकीसाठी, म्हणजे स्वरांच्या झटपट छोट्या वळणासाठी, एकाच अक्षराखाली तीन आखूड स्वर ओळीने ठेवून पुढच्या दोघांना आडव्या रेघेने जोडायचे असते, म्हणजे अक्षर न तुटता स्वर बदलतो. एका हरकतीला वीस मिनिटे लागतात. सुरुवातीला हे वैतागवाणे वाटले. नंतर लक्षात आले की आईच्या गळ्यातून ती जागा नेमकी कशी जाते, हे आजवर मी कधी ऐकलेच नव्हते. नुसते आवडून घेत होतो.

याच ओघात गंधाराची गोष्ट सांगायला हवी. संगणकातली पेटी आणि गाणारा आवाज, दोन्ही समान अंतरांच्या सप्तकावर चालतात, म्हणजे शंभर सेंटचा एक अर्धस्वर याप्रमाणे शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) बरोबर ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार मात्र ३८६ सेंटच्या आसपास असतो. पेटी सोबत असेल तर हा फरक झाकला जातो. नुसत्या तानपुऱ्यावर आवाज ठेवला की तो चढा, टोचरा लागतो आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही. मी आता गंधार १४ आणि धैवत १६ सेंटने उतरवतो. आमच्या भजनी मंडळातल्या एका वयस्कर पेटीवाल्यांना आधीचे आणि नंतरचे दोन्ही ऐकवले. सेंट-बिंट काही न सांगता त्यांनी दुसऱ्याला “हे बसलं” एवढेच म्हटले.

वाद्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे तक्रारी कमी आहेत. पेटी, तानपुरा, बासरी, टाळ यांची चांगली व्हर्च्युअल वाद्ये मिळतात. तबल्याचीही मिळतात, फक्त बायाँवरचा (डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा) घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमारा, संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डच्या पिच बेंडवर, म्हणजे स्वर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर, जमवायला सराव हवा. तयार वाजवलेल्या ठेक्यांचे तुकडे मी टाळतो. लय बदलली की ते रबरासारखे ताणले जातात. एकेक बोल स्वतंत्र असलेला संच घेतला तर वेळ जास्त जातो, पण ठेका आपला होतो. ढोलक म्हणून जे मिळते ते बहुधा उत्तरेकडचे असते. शाई लावून षड्जात मिळवलेल्या आपल्या ढोलकीची टणत्कार देणारी चाट त्यात शोधू नये.

हलगी आणि संबळ यांच्यासाठी मी बाहेर शोधत बसलो नाही, स्वतःच नमुने घेतले, म्हणजे एकेक ठोका वेगळा ध्वनिमुद्रित केला, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आनंदाचा भाग हाच होता. गावातल्या एका हलगीवाल्या मित्राने पौषातल्या दुपारी कडबा पेटवून हलगी शेकली. कातडे तापून खणखणीत झाले की पाच-सात मिनिटेच आपली, पुढे आवाज उतरू लागतो. तीन प्रकारचे आघात, प्रत्येक चार जोरांत, प्रत्येक जोराचे पाच ठोके, असे साठ ठोके आम्ही मध्ये दोनदा शेकोटीकडे धावत पूर्ण केले. पाच ठोके घेण्याचे कारण असे की एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजला तर टंकलेखन यंत्र चालल्यासारखे वाटते. पाच आळीपाळीने वाजले की हात माणसाचा वाटतो. डिसेंट सॅम्पलर हे अशा नमुन्यांतून वाद्य बनवणारे मोफत प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) आहे. त्याची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येते, त्यामुळे दोन रात्रींत हलगी कीबोर्डवर आली. जाते तर घरातच होते. माळवदावरून खाली उतरवून त्याची घरघर मी रिकाम्या पाळीवर आणि ज्वारी टाकून, अशी दोनदा घेतली. ज्वारीची चांगली आली.

घर हे काही स्टुडिओ नव्हे. माइकच्या मागे उभी केलेली बाज आणि तिच्यावर टाकलेल्या दोन वाकळा हीच माझी ध्वनिरोधक भिंत, आणि ती खरोखर काम करते. पंखा बंद करावा लागतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असताना पंखा बंद करून बसणे म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाही. लॅपटॉपही तापून आपला वेग कमी करतो आणि मग आवाज तुटू लागतो. एप्रिल-मे मी फक्त पहाटे चार ते सहा काम केले; त्या वेळेत परळीकडच्या गाडीचा भोंगा दोन नमुन्यांत अजरामर झाला आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर माइकमध्ये गुणगुण येते, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर ठेवणे हा उत्तम उपाय आहे. कीबोर्ड वाजवताना बफर, म्हणजे संगणक आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी हाताळतो तो, २५६ नमुन्यांवर ठेवतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर त्यामुळे होणारा उशीर साधारण ५.३ मिलिसेकंदांचा असतो आणि बोटांना जाणवत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला घेऊच नयेत.

खर्चाचे म्हणाल तर लॅपटॉप आधीचा होता. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो. मी दोन महिने तपासून मगच पैसे भरले. गाणारा आवाज आणि त्याच्या संपादनाचे सॉफ्टवेअर यांचा खर्च याहून बराच जास्त झाला. ज्यांना तो नको त्यांनी ओपनयूटाऊ हा मोफत आणि मुक्तस्रोत पर्याय आधी पाहावा. एक वाद्यसंच विकत घेतल्यावर मात्र मनस्ताप झाला. त्याला दर काही दिवसांनी इंटरनेटवरून परवानगी लागते, हे विक्रीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत होते. मृगाच्या पहिल्या वादळात आमच्याकडे तीन दिवस नेट नव्हते, आणि ऐन घाईच्या वेळी माझ्याच पैशांचे सारंगीवाद्य मुके होऊन बसले. विक्रेत्याला लिहिलेल्या दोन पत्रांना तेच छापील उत्तर आले.

पुष्कळांनी विचारले की एखाद्या प्रसिद्ध गायकाचा आवाज यात घालता येईल का. तसे करणारी साधने आहेत. मी त्या वाटेला गेलो नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांविरुद्ध अंतरिम आदेश दिला, ते कारण पुरेसे आहेच. शिवाय माझ्या आवाजामागच्या गायिकेने स्वतःहून ध्वनिमुद्रण करून तो विकायला दिला आहे, हे ठाऊक असल्याने तिच्याकडून रात्री दोन वाजता तीच ओळ चाळीस वेळा म्हणवून घेताना संकोच वाटत नाही.

या सर्वांतून माझी वापराची पद्धत आता ठरून गेली आहे. चाल बांधायला, पट्टी तपासायला, दुसरा आवाज सुचतो का ते पाहायला संगणकाची गायिका अतुलनीय आहे. ती दमत नाही आणि रुसत नाही. लोकांना ऐकवण्याच्या अंतिम फितीत ती फक्त दोन गाण्यांत राहिली, तीही पाठीमागच्या कोरसमध्ये, जिथे ‘भ’चा ‘ब’ झाला तरी चार जणींत खपतो. उरलेल्या पाच गाण्यांत शाळेतल्या मुली आणि त्यांतल्या एका गाण्यात आई गायली आहे, पण त्या सर्वांनी गाण्यापूर्वी चालीतले खाचखळगे यंत्राच्या गळ्यात उघडे पडले होते, आणि ते बुजवायला मला उसंत मिळाली होती. नवव्या महिन्यात हे साधन विकून टाकावेसे वाटते का, असे कोणी विचारले तर उत्तर नाही असे आहे. केवळ मराठी गाणे गाऊन घेण्यासाठी कोणी विकत घेणार असेल, तर त्याने आधी ‘धबधबा’ हा एक शब्द त्याच्याकडून नीट म्हणवून पाहावा.

संबळाचे काम राहिले आहे. एक टिपरी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली, आणि दोन भांड्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात, त्यामुळे दोन माइक लागतील. दुसरा माइक परभणीहून आणला आहे, पण गोंधळी मंडळींनी ढगाळ हवेत कातडे लवते म्हणून नमुने देण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे, आता दसऱ्यानंतर.