केकसाठी ऑलस्पाइस आणावा की घरच्या लवंग-दालचिनीवर भागवावं?

नाताळ जवळ आला की केकच्या रेसिपीत ऑलस्पाइस दिसतो आणि गाडी तिथेच अडते. आधी हे सांगते, हा मिक्स मसाला नाहीये. जमैका, मेक्सिको, मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाचं फळ आहे, हिरवं असतानाच तोडून वाळवतात. झाड लवंगेच्या आणि आपल्या जांभळाच्या कुळातलं, लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल नावाचं द्रव्य यातही भरपूर, म्हणून दाणा फोडला की आधी लवंग आणि मग मागून दालचिनी-जायफळ असा वास येतो.

आता खरी गडबड. मी नागपूरच्या इतवारी बाजारात ऑलस्पाइस मागितला तर एका दुकानात कबाबचिनी बांधून दिली, दोन्ही एकच म्हणे. एकच नाहीत हो! कबाबचिनी म्हणजे कंकोळ, तिच्या दाण्याला शेपटीसारखा बारीक देठ असतो, चव कडवट आणि कापरासारखी थंड, केकमध्ये ती अजिबात नको. ऑलस्पाइसचा दाणा मिरीपेक्षा मोठा, लालसर तपकिरी, शेपटी नाही, टोकाला बारीक गोल खूण, आणि फोडला की आत सहसा दोन काळपट बिया. विकत घेताना एक दाणा फोडूनच बघा.

पावडरच हवी असेल तर घरचं मिश्रण चालतं. 1 चमचा ऑलस्पाइसच्या जागी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ. पण लवंग जरा जास्त पडली की केक कडू लागतो, ऑलस्पाइसमध्ये चवींचा तोल आपोआप असतो, आणि संत्र्याच्या केकमध्ये तर मला तोच लागतो, संत्र्याच्या सालीसोबत इतका छान बसतो की काय सांगू. अख्खे दाणे जिथे लागतात, म्हणजे व्हिनेगरचं लोणचं, स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी), तिथे मिश्रण चालत नाही, पावडरने पाणी गढूळ होतं. जमैकाच्या जर्क चिकनमध्येही (मसाला चोळून भाजलेलं तिखट चिकन) मिश्रण मला फिकं वाटलं, तिथे हाच मुख्य मसाला आहे.

आपल्या नागपुरी झणझणीत सावजी रश्शात मात्र टाकू नका प्लीज. तिथे दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं यांचं काम आहे, लवंग-दालचिनी आधीच असते, हा गोडसर वास मधेच येऊन तिखटाची मजा घालवतो.

वर्षातून एखादाच केक करत असाल तर मिश्रणच करा. महिन्याला बेकिंग असेल तर अख्खाच घ्या, थोडाच, आणि लागेल तेवढा कुटा, कारण आपल्या मे महिन्यात उघड्या पावडरीचा वास फार टिकत नाही.